जुने नट-बोल्ट परत लावायचे की नवे आणायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खारघरच्या एका गृहस्थांकडे जुनी पेट्रोल स्विफ्ट आहे. पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारे खालचे दांडे), ब्रेकचे डिस्क पॅड आणि इंजिन ऑइल ते सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बदलणार आहेत. पार्टवाला म्हणतो, सगळे नट-बोल्ट नवे घ्या. शेजारचे काका म्हणतात, कंपनीचे बोल्ट आहेत, पुसून परत लावा, काही होत नाही. कोणाचं ऐकायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

सरसकट कोणाचंच ऐकू नका. दोघांचा सल्ला मानला तर काही ठिकाणी पैसे वाया जातील आणि काही ठिकाणी जिवाशी येईल. प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर हातात घेऊन आधी एकच विचारायचं: हा धरून कसा ठेवतो? काही वस्तू धरून ठेवण्यासाठी स्वतःचा आकार कायमचा बदलतात. तांब्याचा वॉशर चेपला जातो, स्प्लिट पिन वाकवली जाते, नायलॉक नटमधल्या नायलॉनच्या कड्यात बोल्टचे आटे रुततात, चाकाच्या मधोमध असलेल्या ॲक्सल नटची कड पंच मारून खाचेत दाबलेली असते, काही बोल्ट मुद्दाम मर्यादेपलीकडे ताणलेले असतात. यांचं काम एकदा झालं की झालं. मग ते कितीही चकचकीत दिसोत, त्यांच्यातली पकड खर्च झालेली असते. साधा बोल्ट मात्र कडक स्प्रिंगसारखा असतो. आवळताना थोडा ताणतो आणि सोडला की मूळ लांबीवर येतो. वरून तांबूस गंज असला तरी असा बोल्ट पुन्हा पुन्हा वापरता येतो.

दुसरा प्रश्न, हा सुटला तर काय होईल? चाकाच्या आतलं प्लास्टिक कव्हर लोंबकळलं तर आवाज येईल. लोअर आर्मचा बोल्ट पाम बीच रोडवर भरवेगात निसटला तर चाक आडवं होईल. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, सीटबेल्ट या चार ठिकाणी मनात जरा जरी शंका आली तरी नवा लावा. तिथे बोल्टची किंमत बघायची नाही.

आता ‘साधा बोल्ट परत चालतो’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोराला ‘टक्’ करणाऱ्या पान्याने, आपण जेवढा जोर लावतो, त्याचा ढोबळमानाने दहावा हिस्साच बोल्ट ताणायला, म्हणजे खऱ्या पकडीला मिळतो. जवळजवळ निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि उरलेला आट्यांच्या घर्षणात. म्हणून आट्यांत गंजाची पूड असेल तर रेंच ‘टक्’ करतो, आकडा बरोबर येतो आणि पकड मात्र कमी मिळते. उलट आट्यांना तेल चोपडलं असेल तर त्याच आकड्याला बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. मॅन्युअलमधला टॉर्क साधारणपणे स्वच्छ, कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल किंवा थ्रेडलॉकर (आटे चिकटवून धरणारा द्रव) लावायचा असेल तर तसं लिहिलेलं असतं. जुना बोल्ट परत लावताना साफसफाईवर मी इतका भर देतो तो म्हणूनच.

आपल्याकडे हा मुद्दा जास्तच लागू होतो. नवी मुंबईत ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत एका बाजूला खाडी आहे, दुसऱ्या बाजूला एमआयडीसीचा पट्टा आणि वर चार महिन्यांचा पाऊस. गाडी स्टिल्टमध्ये झाकलेली असली तरी खारट दमट हवा खालून लागतेच. त्यात वर्षातून एखाद-दोनदा साचलेल्या पाण्यातून जाणं होतं. त्यामुळे इथल्या गाडीखाली गंज दिसणारच, तो पाहून घाबरू नका. पण गंजाचे प्रकार ओळखा. वायर ब्रश मारल्यावर खाली धातू सपाट निघाला तर तो वरवरचा गंज होता, बोल्ट चालेल. ब्रशनंतर नख फिरवलं आणि ते बारीक खड्ड्यांत अडकलं, खास करून आटे नसलेल्या गुळगुळीत दांड्यावर, तर बोल्ट बाद. अशा खड्ड्यातूनच तडा सुरू होतो.

आट्यांची परीक्षा बोटांनीच होते. बोल्ट रॉकेलमध्ये बुडवून वायर ब्रशने साफ करा, पुसून कोरडा करा आणि त्याच मापाचा चांगला नट पाना न वापरता बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. नट अलगद गेला पाहिजे. मध्येच अडला तर पुन्हा साफ करून बघा. परत तिथेच अडला, आणि ती जागा जुना नट बसायचा तीच असेल, तर तिथले आटे ताणून त्यांचं अंतर बदललं आहे. असा बोल्ट पान्याने रेटून बसवता येतो, पण बसवायचा नाही. खात्रीसाठी नवा बोल्ट आणि जुना बोल्ट आट्यात आटा घालून उजेडासमोर धरा. नव्याचे आटे जुन्यात पूर्ण बसले पाहिजेत, कुठेही फट दिसता कामा नये. दांडा एखाद्या जागी बारीक झालेला दिसला, कमरेसारखा आत गेलेला, तर पुढे काही तपासायची गरज नाही. तो भंगारात.

गंज काढण्यासाठी ॲसिड वापरू नका. हे कळकळीने सांगतो, कारण बाथरूम साफ करायच्या ॲसिडमध्ये बोल्ट बुडवून ठेवायचा उपाय सर्रास सांगितला जातो आणि बोल्ट निघतातही अगदी नव्यासारखे. पण बोल्ट जितका ताकदवान, तितका त्याला ॲसिडचा धोका मोठा. ॲसिडची लोखंडाशी क्रिया होताना हायड्रोजन तयार होतो आणि तो पोलादात शिरतो. डोक्यावर १०.९ किंवा १२.९ लिहिलेला कडक बोल्ट त्याने आतून ठिसूळ होऊ शकतो. लावताना काही कळत नाही. आवळून झाल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी, गाडी नुसती उभी असतानाही तो तुटू शकतो. वायर ब्रश, रॉकेल आणि जरा वेळ, एवढं पुरतं. आटे थोडे चेपले असतील म्हणून डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवायचा मोहही आवरा. कापणारा डाय धातू खरवडतो आणि आटा बारीक करतो. आटे साफ करायची चेझर डाय वेगळी मिळते, ती वापरा.

आणि गॅसच्या ज्योतीने लाल करून सोडवलेला बोल्ट परत लावायचा नाही. अडकलेला लोअर आर्म काढताना हा उपाय करावा लागतो, आम्हीही करतो. पण बोल्टची ताकद कारखान्यात दिलेल्या पाण्यात, म्हणजे तापवून थंड करण्याच्या प्रक्रियेत असते. लाल झाला की ते पाणी उतरतं. डोक्यावरचा आकडा तसाच राहतो, ताकद राहत नाही.

आता तुमच्या कामाकडे येऊ. लोअर आर्मचा बॉल जॉइंट चाकाकडच्या नकलमध्ये (चाक धरणाऱ्या भागात) जातो आणि एका आडव्या बोल्टने आवळला जातो. स्विफ्टमध्ये हा बोल्ट बॉल जॉइंटच्या खुंटीला कोरलेल्या खाचेतून जातो. काढल्यावर त्याचा मधला भाग पुसा आणि त्यावरून अंगठ्याचं नख लांबीच्या दिशेने फिरवा. तिथे घासल्याची पायरी लागली, चकाकणारा पट्टा दिसला किंवा एक बाजू चपटी वाटली, तर खुंटी आत हलत होती आणि बोल्ट झिजला आहे. हा बोल्ट स्टीलचा दिसतो, आटे टकाटक असतात, नट सरळ फिरतो, तरीही तो गेलेला असतो. म्हणून इथे फक्त आटे बघून निर्णय घेऊ नका. माझ्या मते जुन्या गाडीत नवा लोअर आर्म टाकताना हा बोल्ट आणि त्याचा नट नवाच घ्यावा. आर्मच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

आर्मच्या बॉडीकडच्या टोकाला असलेल्या रबरी बुशचे बोल्ट जाड असतात आणि बहुतेक वेळा परत चालतात. त्यांचा त्रास वेगळाच. बुशच्या आतल्या लोखंडी नळीत बोल्टचा दांडा गंजून चिकटतो. बोल्ट फिरतो असं वाटतं, पण नळीसकट फिरतो आणि बुशचं रबर पिळवटतं. भेदक तेल (गंजात झिरपणारं तेल) आदल्या रात्रीच मारून ठेवा. सुटल्यावर दांड्यावर खोल खड्डे असतील तर नवा. लावताना बुशचे बोल्ट आधी हलके ठेवा आणि गाडी चाकांवर, तिच्या नेहमीच्या उंचीला उभी असताना शेवटचा टॉर्क द्या. चाक लटकत असताना घट्ट केलं तर बुश कायम पिळलेला राहतो आणि नवा आर्म लवकर आवाज करू लागतो. मग दोष बोल्टला आणि आर्मला दिला जातो.

सस्पेन्शनच्या लिंक रॉडला किंवा इतर कुठे नायलॉक नट दिसला तर एकच कसोटी: नायलॉनच्या कड्यात आटे शिरल्यावर नट बोटांनी फिरता कामा नये. फिरला तर तो नुसता नट आहे, लॉक नट राहिलेला नाही. चांगल्या नायलॉकमध्ये अनेकदा काढघाल केल्यावरही थोडी पकड उरते, हे खरं आहे. पण गाडीवरच्या नटने आतापर्यंत किती वेळा काढघाल सोसली ते तुम्हाला माहीत नसतं. सस्पेन्शनवर मी तो दुसऱ्यांदा लावत नाही. साधारण १२० अंशांपुढे नायलॉन टिकत नाही, म्हणून सायलेन्सरजवळ नायलॉक कधीच नको. तिथे पूर्ण धातूचे लॉक नट येतात.

स्टिअरिंगच्या टाय रॉडचा टोकाचा जॉइंट सोडवावा लागला तर त्यात खाचांचा नट आणि स्प्लिट पिन असू शकते. पिन नवीच. एकदा वाकवलेली तार सरळ करून परत वाकवली की त्याच वळणावर तुटते. भोक आणि खाच जुळत नसेल तर नट आणखी थोडा घट्ट करून पुढची खाच जुळवा. जुळवण्यासाठी सैल करायचा नाही.

ॲक्सल नटला हातच लावू नका. लोअर आर्म आणि पॅड बदलायला तो सोडवावा लागत नाही. पुढे कधी बेअरिंगसाठी काढलाच तर तो नट नवा घ्या आणि त्याची कड शाफ्टच्या खाचेत नव्याने पंच करा. जुन्याच नटच्या चेपलेल्या कडेवर परत पंच मारलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो धातू दोनदा दुमडून फाटलेला असतो.

डिस्क पॅडचं काम त्या मानाने सोपं. कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) खालचा स्लायडिंग पिनचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला की पॅड निघतात. हे बोल्ट स्वच्छ आणि सरळ असतील तर परत लावता येतात. पण सगळ्याच गाड्यांत नाही. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मॅन्युअलमध्ये सेल्फ-लॉकिंग बोल्ट प्रत्येक वेळी नवे लावायला सांगितलेले असतात. अशा बोल्टच्या आट्यांवर आधीच सुकलेला रंगीत लेप दिसतो. लेप असलेला कोणताही बोल्ट निघाला की मॅन्युअल उघडा. नवा लावायचा की साफ करून थ्रेडलॉकर चालतो, ते त्यात असतं. पॅड ज्यावर सरकतात त्या पातळ स्टीलच्या क्लिपा गंजून फुगल्या असतील तर नव्या टाका, नाहीतर पॅड अडकून एका बाजूने खातील. ब्रेक होजचा (ब्रेक ऑइलच्या नळीचा) पोकळ बोल्ट सोडवू नका, गरज नाही. कधी होज बदललात तर त्याच्या दोन्ही बाजूंचे वॉशर नवे. तिथे जुना वॉशर किंवा घरी तापवून नरम केलेला वॉशर, दोन्ही चालणार नाहीत.

ऑइल चेंबरच्या प्लगचा वॉशर प्रत्येक वेळी नवा. जुना तांब्याचा वॉशर एकदा चेपला की कडक होतो आणि परत नीट बसत नाही. तो मंद लाल होईपर्यंत तापवला की पुन्हा नरम होतो हे खरं आहे, आणि अडचणीच्या वेळी ऑइल प्लगला चालूनही जातं. पण अल्युमिनियमचा वॉशर तसा तापवू नका, तो लाल होण्याआधीच वितळतो. जुना वॉशर झिरपतो म्हणून प्लग जास्त आवळणं हा सगळ्यात महाग पडणारा प्रकार. अनेक इंजिनांना चेंबर अल्युमिनियमचा असतो. प्लगचे आटे सहीसलामत राहतात आणि चेंबरचे निघून येतात. काही रुपयांच्या वॉशरपायी चेंबर उतरवायची वेळ येते.

स्पार्क प्लगचंही यातच सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेरा आवळतात, कारण वॉशर अजून चेपायचा असतो. तोच प्लग काढून परत लावताना जेमतेम बाराव्या हिस्स्याचा फेरा पुरतो. तिथे पुन्हा अर्धा फेरा दिलात तर प्लगचे किंवा हेडचे आटे जातील.

हेड बोल्टबद्दलही, म्हणजे इंजिनाचं हेड ब्लॉकवर धरून ठेवणाऱ्या बोल्टबद्दलही, विचारणा होते. तुमच्या कामात ते नाहीत, पण हा विषय त्यांच्याशिवाय पूर्ण होत नाही. मॅन्युअलमध्ये आवळायची रीत ‘इतका टॉर्क, मग ९० अंश’ अशी दिसली की कान टवकारा. शेवटी अंशात फिरवायला सांगतात तेव्हा बोल्ट बहुधा लवचीकतेची हद्द ओलांडेपर्यंत ताणायचा असतो. त्या अवस्थेत सगळ्या बोल्टची पकड एकसारखी येते, आणि हेड गॅसकेटला तेच हवं असतं. पण असा बोल्ट सोडल्यावर मूळ लांबीवर येत नाही. परत लावला तर काही बोल्ट कमी धरतात, काही आवळतानाच ब्लॉकमध्ये तुटतात, आणि तुटलेला तुकडा काढायचा खर्च नव्या संचाच्या कितीतरी पट होतो. काही कंपन्या लांबी किंवा व्यास मोजून मर्यादेत असेल तर पुन्हा वापरायची परवानगी देतात. मग व्हर्निअरने मोजा आणि छापलेल्या आकड्याशी ताडा. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असा आकडा दिलेला नसेल तर मोजण्यात अर्थ नाही, नवा संच घ्या. डिझेलवाल्यांनी इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशरही यातच धरावा. तो जुना लावला की जळका वायू वर झिरपतो, कोळशासारखा थर साचतो आणि इंजेक्टर उपटून काढणं मोठं काम होऊन बसतं.

बंपरच्या, डोअर पॅडच्या प्लास्टिक क्लिपा पकडत असतील तर वापरा, तुटल्या तर दहा-वीस जास्तीच्या घेऊन ठेवा. होजच्या स्प्रिंग क्लिपा परत चालतात. कान दाबून बसवलेल्या क्लिपा चालत नाहीत.

नवा घ्यायचा ठरला की खरी चूक दुकानात होते. नाक्यावरच्या हार्डवेअरमधला बोल्ट आणि गाडीचा बोल्ट जाडीला सारखे दिसतात. डोक्यावर ८.८ असेल तर त्या पोलादाची ताणशक्ती ८०० मेगापास्कल आणि तो कायमचा ताणायला लागतो ती मर्यादा त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४०. १०.९ ला हेच आकडे १००० आणि ९००. डोक्यावर काहीच नसलेला किंवा ४.६ चा बोल्ट फळीच्या कपाटासाठी ठीक आहे. मूळ बोल्टचा ग्रेड असेल तोच घ्या, खालचा नको. खाडीची हवा म्हणून बरेच जण हौसेने स्टेनलेस लावतात. सस्पेन्शनला ते करू नका. बाजारात मिळणाऱ्या ए२-७० स्टेनलेसची ताकद ८.८ पेक्षा कमी असते, स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे चिकटून बसतात, आणि अल्युमिनियममध्ये लावला तर खारट ओलीत अल्युमिनियमच खातं. नंबर प्लेटला खुशाल लावा.

दुसरा घोटाळा आट्यांच्या अंतराचा. जपानी आणि कोरियन गाड्यांत १० मिलिमीटरच्या बोल्टला आटे बहुतेक वेळा १.२५ अंतराचे असतात, साध्या दुकानात १.५ चे मिळतात. १२ मिलिमीटरमध्ये गाडीचे १.२५ किंवा १.५, दुकानातले १.७५. दोन-तीन फेरे फिरतात, मग घट्ट लागतं, माणूस पाना लावतो आणि नकलमधले आटे जातात. चाकाच्या नटचंही तसंच. मारुतीचे १२ बाय १.२५, ह्युंदाई, टोयोटा आणि होंडाचे १२ बाय १.५. शेजाऱ्याच्या गाडीचा जास्तीचा नट तुमच्या स्टडवर चढवू नका. शिवाय नटची बैठक बघा. कंपनीच्या रिमसाठी होंडाचे नट गोलाकार बुडाचे असतात, मारुतीचे निमुळत्या. बैठक जुळली नाही तर आकड्याप्रमाणे आवळूनही चाक ढिलं पडतं.

आणखी एक, जे दुकानात कोणी विचारत नाही: जुन्या बोल्टचा किती भाग बिनआट्याचा आहे ते मोजून न्या. लोअर आर्मच्या बोल्टवर आडवा भार येतो आणि तो भार गुळगुळीत दांड्याने घ्यायचा असतो. पूर्ण लांबीला आटे असलेला बोल्ट त्याच ग्रेडचा असला तरी तिथे कमकुवत पडतो आणि भोकही खातो. मी तरी सस्पेन्शनचे बोल्ट पार्ट नंबर देऊन कंपनीच्या काउंटरवरूनच घ्यायला सांगेन. इतर ठिकाणचे, ग्रेड तपासून घेता येतील असे, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा वागळे इस्टेट, तुर्भे, रबाळे भागातल्या औद्योगिक हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात.

खरेदी गाडी उघडण्याआधी करा. रविवारी बहुतेक काउंटर बंद असतात, आणि एक चाक काढून जॅकस्टँडवर उभी असलेली गाडी समोर असली की माणूस जुनाच बोल्ट लावून मोकळा होतो. तुमच्यासाठी यादी एवढीच: बॉल जॉइंटचे दोन बोल्ट नटसह, लिंक रॉडचे लॉक नट, पॅडच्या क्लिपांचा संच, ऑइल प्लगचा वॉशर आणि दोन-चार स्प्लिट पिना. बुशचे बोल्ट आणि कॅलिपरचे बोल्ट तपासून परत लावा, पण त्यांचे पार्ट नंबर आधीच काढून ठेवा.

सगळं आवळून झाल्यावर प्रत्येक नटवरून शेजारच्या धातूवर पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. चाकाचे नट पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर रेंचने पुन्हा तपासा आणि त्याच वेळी वाकून या रेघा बघा. रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरला आहे. तो नुसता परत आवळून सोडू नका, काढून का फिरला ते शोधा. बाद ठरवलेले बोल्ट आणि नट ‘कधीतरी लागतील’ म्हणून डब्यात टाकू नका. तो डबा उद्या दुसरं कोणी उघडेल आणि त्याला ते चांगलेच दिसतील. हॅक्सॉने आट्यांवर एक आडवा काप मारा आणि भंगारात द्या.